बिडी सुटलेल्या हातांना मणी

या पानावर आम्ही आजवर रक्तदाब, साखर, सिकलसेल, खर्रा, बाळंतपण अशा विषयांवर लिहीत आलो. या वेळी मण्यांच्या माळांवर लिहिणार म्हटल्यावर घरातूनच पहिला प्रश्न आला, "आरोग्याच्या पानावर दागिने कायले?" प्रश्न चुकीचा नाही. उत्तर द्यायला मात्र थोडे मागून यावे लागेल.

गोंदिया-भंडारा पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांत आज साठी-सत्तरीत असलेल्या कितीतरी बायांचे आयुष्य बिडीवर गेले. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पाने आणि जर्दा, बाजूला दोऱ्याची रीळ. सकाळचा स्वयंपाक उरकून बसायचे ते दिवस मावळेपर्यंत. मजुरी हजारावर, आणि त्यातही ठेकेदार काही बिड्या वाकड्या म्हणून बाजूला काढणार. पोरांच्या वह्या, विहाराची वर्गणी, चौदा एप्रिलचे पांढरे लुगडे, सारे त्या सुपातून निघाले. मग कधीतरी बिडी सुटते. डोळ्यांना दिसेनासे होते, कंबर धरते, खोकला जात नाही, नाहीतर ठेकेदारच पाने देणे बंद करतो. रेल्वेतून निवृत्त होणाऱ्या माणसाला हार-शाल मिळते. बिडीवाल्या मावशीचे सूप माळ्यावर जाते, एवढीच तिची निवृत्ती. तीही अर्धीच. रोवणीला चार दिवस जायचे, नातवंडे सांभाळायची, राशनच्या रांगेत उभे राहायचे, हे चालूच असते. पण दुपार मोकळी पडते, आणि त्या मोकळ्या दुपारीच दुखणे सुरू होते.

घरची माणसे प्रेमाने म्हणतात, "आता बसा आराम करत." चाळीस वर्षे ज्या हातांनी क्षणभर उसंत घेतली नाही, त्यांना एकदम आराम सांगितला तर काय होईल? रात्री तीनला जाग येते. जेवण नकोसे होते. खर्रा वाढतो. सुनेशी कुरबुर, नाहीतर नुसते गप्प बसणे. दवाखान्यात नेले तर सांगायला धड काही नसते, "अंग कसकसते, जीव लागत नाही." डॉक्टर टॉनिक लिहून देतात, घरचे म्हणतात वय झाले. उतारवयातली उदासी हा आजार आहे, तो वयाचा भाग नाही, हे आपल्याकडे अजून रुजलेले नाही. अशी अवस्था दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची तपासणी करून घ्यावी. त्यात लाज कसली? मणी ओवणे हा त्या तपासणीला पर्याय नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या वस्तीतली एक मावशी अशीच गप्प झाली होती. मुलगा कमावता, सून चांगली, पण मावशी खाटेवरून उठेना. कोणीतरी मुलाला सांगितले की आईची ग्रहदशा बरी नाही, अमुक खड्याची अंगठी घाला. मुलगा दहावी पास, विहाराच्या कमिटीत होता, तरी आईच्या काळजीने घाबरला. अंगठी आली. तिच्या पायी दोन महिन्यांची रक्तदाबाची आणि साखरेची गोळी मागे पडली. मावशीचे पाय सुजले तेव्हा आम्हाला कळले. आमच्यापैकी एकीने अनेक वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली आहे. तिने आधी गोळ्या सुरू करून घेतल्या आणि मग त्या अंगठीकडे पाहून म्हणाली, "मावशी, दगड एवढा आवडते तर बोटात कायले घालता? हातात घ्या, ओवा." थट्टेत निघालेले हे वाक्य. पुढच्या आठवड्यात तिने खरोखरच नागपूरच्या इतवारीतून दोन लडी अकीकाचे मणी आणले. मावशी म्हणाली, "मी काय लहान पोरगी आहो का, मनी ओवत बसू?" पण हात पुढे झाला.

तेव्हापासून आम्ही आठ-दहा जणी, आणि आता तीन बापूही, दुपारी दोन तास मणी ओवायला बसतो. त्या अनुभवावरून आमचे मत असे बनले आहे की ज्यांचे कामाचे दिवस सरत आले आहेत त्यांना भाकर, औषध आणि मायेइतकीच हाताला आवडीच्या कामाची गरज असते, आणि ती गरज वस्तीतल्या माणसालाही बंगल्यातल्या माणसाइतकीच असते. छंद हा पोट भरलेल्यांचा प्रकार, असे आपण धरून चाललो आहोत. ते आम्हाला मान्य नाही.

बाबासाहेबांचेच पाहा. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने हैराण, डोक्यावर देशाचा आणि समाजाचा भार, आणि तरी उतारवयात ते चित्रकला शिकले, व्हायोलिन शिकले. त्यांच्या ग्रंथांबद्दल आपण भरपूर बोलतो, व्हायोलिनबद्दल कोणी बोलत नाही. २०२३ साली नेचर मेडिसिन या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. इंग्लंड, अमेरिका, जपान, चीन आणि युरोपातले बारा देश मिळून १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील ९३,२६३ माणसांची माहिती त्यात पाहिली होती. ज्यांना काही छंद होता त्यांच्यात उदासीची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. त्यात भारत नव्हता, आणि बिडी वळणारी मावशी तर नव्हतीच. छंदामुळे तब्येत सुधारते की तब्येत बरी असणारेच छंद करतात, हा प्रश्नही असल्या अभ्यासात उरतोच. पण आमच्या दुपारच्या बैठकीत जे दिसते ते त्याच्याशी जुळते.

आता कामाबद्दल. हे सोनाराचे काम नव्हे. मणी तयार, भोक पाडलेले मिळतात. आपण फक्त निवडायचे, रंग लावून पाहायचे, ओवायचे, गाठ मारायची आणि टोकाला कडी-हूक बसवायचा. सामानही थोडेच लागते. सुती किंवा नायलॉनचा दोरा, जड मण्यांना बारीक तार, एक चपटी आणि एक गोल तोंडाची छोटी पक्कड, कात्री, आणि मणी घरंगळू नयेत म्हणून ताटलीत अंथरायला जुन्या ब्लँकेटचा तुकडा. मणी मिलिमीटरने मोजतात. म्हाताऱ्या बोटांनी चार मिलिमीटरच्या नादी लागू नये. आठ किंवा दहाचा मणी घ्यावा. सोळा इंची, म्हणजे सुमारे चाळीस सेंटिमीटरच्या माळेला आठचे पन्नास मणी लागतात, दहाचे चाळीस. दगडाला वजन असते हेही ध्यानात ठेवा. आठच्या अकीकाची माळ साधारण ३५ ग्रॅम भरते, दहाची ५० च्या पुढे जाते. मानेचे दुखणे असणाऱ्या बाईने दहाची तीन पदरी माळ घालून लग्नात मिरवू नये. दुसऱ्या दिवशी मान आपल्याच हातात धरून बसावे लागते, हे आम्ही पाहिले आहे.

अकीक म्हणजे गारगोटीच्याच घराण्यातला दगड. धुऱ्यावर पांढरी गारगोटी सापडते ना, तिचे हे रंगीत भाऊबंद. तांबडा अकीक, पट्टेदार अकीक, पाण्यासारखा स्फटिक, जांभळा स्फटिक. बाजारातला भडक निळा-हिरवा अकीक बहुधा रंगवलेला असतो, तो ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावा. खरा दगड हाताला गार लागतो आणि काचेवर ओरखडा पाडतो. पण काचेचे मणी घेतले म्हणूनही काही बिघडत नाही. आमच्यातल्या एकीची सगळ्यात देखणी माळ काचेच्या हिरव्या मण्यांची आणि आजीच्या जुन्या पोतीतून काढलेल्या काळ्या मण्यांची आहे.

ओवणे सगळ्यांना येते. अवघड असते ती गाठ. दोन मण्यांच्या मध्ये घट्ट गाठ मारली की माळ तुटली तरी मणी सांडत नाहीत, आणि दगडावर दगड घासत नाही. ती गाठ मण्याला चिकटून बसायला हवी. आम्ही मोबाइलवर व्हिडिओ पाहून महिनाभर धडपडलो. मावशीने दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी न बघता मारली. बिडीला दोरा गुंडाळून तोंड मुडपणारी बोटे ती, त्यांना कोण शिकवणार? त्या दिवशी पहिल्यांदा ती शिकवणारी झाली आणि आम्ही शिकणाऱ्या. तिचे पाय सुजणे गोळ्यांनी थांबले. पण तिने सुनेला हाक मारून "चहा ठेव व, बाया आल्या" म्हणणे कशाने सुरू झाले, ते आम्हाला ठाऊक आहे.

एक चूक आमच्याकडून झाली, ती लपवत नाही. लग्नसराईच्या आधी एका व्यापाऱ्याने दोनशे माळांची मागणी दिली. आम्हाला वाटले, चला, नाव झाले. वीस दिवसांची मुदत होती. दोन तासांचे सहा तास झाले, दुपारची रात्र झाली, बल्बच्या उजेडात डोळे चुरचुरू लागले. कोणाच्या माळा किती झाल्या यावरून दोघींत अबोला झाला. शेवटी माल घेऊन गेलो तर गाठ दिसते म्हणून त्याने तीसेक माळा बाजूला काढल्या आणि उरलेल्यांचे पैसे पुढच्या सणापर्यंत लटकवले. मावशी एवढेच बोलली, "हे तर बिडीच झाली बाई." आम्ही तिथेच कानाला खडा लावला. मोठी मागणी घ्यायची नाही, नगावर काम करायचे नाही. ज्या बाईला खरोखर पोटासाठी काम हवे आहे तिने हक्काची मजुरी मिळेल असे काम शोधावे, त्यासाठी आम्ही तिच्यासोबत कार्यालयात येऊ. पण छंदाच्या नावाखाली दुसरा ठेकेदार घरात आणू नये.

मग पैसा काय मिळतो, हे विचारणारे असतातच. थोडा मिळतो. बुद्धपौर्णिमेला विहाराबाहेर पाटावर मांडतो, ओळखीतल्या लेकी-सुना घेऊन जातात. सामानाचा खर्च वजा जाता एका माळेमागे कधी शंभर रुपये उरतात, कधी पन्नास. ते ज्या हाताने ओवले त्या हातात जातात, मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात नाही. यावर आमचा जोर आहे आणि यावरून दोन घरांत थोडे वाजलेही.

आता आरोग्याच्या पानावर ज्यासाठी हा विषय घ्यायलाच हवा होता, त्या मुद्द्याकडे येतो. दगड घरी घासू नका, कापू नका, त्याला भोक पाडू नका. कोणी स्वस्तात घासायचे यंत्र देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. गुजरातेत खंभात नावाचे गाव आहे. अकीकाच्या कामासाठी ते शेकडो वर्षांपासून नावाजलेले आहे. तिथे घराघरांत चाकावर दगड घासतात. अकीक जवळजवळ सगळा सिलिकाचा असतो. घासताना त्याची इतकी बारीक धूळ उडते की डोळ्यांना दिसतही नाही. ती फुफ्फुसांत जाऊन बसते आणि फुफ्फुस कडक होत जाते. त्याला सिलिकोसिस म्हणतात. हा आजार बरा करणारे औषध नाही. त्यावर टीबी लवकर चढतो, आणि पुष्कळदा आधी नुसता टीबी समजून गोळ्या दिल्या जातात. खंभातचे कितीतरी कारागीर ऐन उमेदीत गेले. काम घरातच असल्याने चाकाजवळ न बसणाऱ्यांच्या श्वासातही ती धूळ जाते. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या मजुरांचेही हेच झाले.

म्हणजे आपण ज्या चकचकीत मण्याला हातात घेऊन वा म्हणतो, तो कोणाच्या तरी श्वासावर गुळगुळीत झालेला असू शकतो. ही गोष्ट आम्हाला टोचते. म्हणून नवे मणी कमीच घेतो. जुन्या तुटलेल्या माळा, मोडलेले कानातले, आज्यांच्या डब्यातले सुटे मणी आधी वापरतो. तोडक्या माळांचा आमचा डबा आता मोठा झाला आहे. नवीन मणी घ्यावे लागले तर ते स्वच्छ पाण्यात धुऊन घ्यावेत, भोकात पांढरी भुकटी राहिलेली असते.

बाकीची काळजी साधी आहे. चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही, त्याला चष्माच हवा. डोळे बारीक करून ओवू नये. मोतिबिंदू असेल तर सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते, ती आधी करून घ्यावी आणि मग सुई हातात घ्यावी. दर वीस मिनिटांनी मान वर करून दूरवर, झाडाकडे किंवा विहाराच्या निळ्या-पंचरंगी झेंड्याकडे थोडा वेळ पाहावे. जमिनीवर मांडी घालून वाकून बसण्याची बिडीची सवय इथे आणू नये. खुर्चीवर बसून ताटली टेबलावर, टेबल नसेल तर उंच पाटावर ठेवावी. अर्ध्या तासाने उठून अंगणात चक्कर मारावी. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर पक्कड दुसरीला द्यावी. रात्री बोटे बधिर होऊन जाग येत असेल तर डॉक्टरांना दाखवावे, मनगटातली शीर दाबली गेलेली असू शकते. ज्यांची साखर जुनी आहे त्यांच्या बोटांना कधी कधी टोचलेले कळत नाही. त्यांनी तारेऐवजी दोरा घ्यावा आणि उठताना दहाही बोटे पाहावीत.

स्वस्त हूक-कड्यांत निकेल असते. मानेवर किंवा कानाच्या पाळीवर लाल चट्टे उठून खाज येत असेल तर ते "उष्णता" म्हणून सोडून देऊ नये. कडी बदलून स्टीलची घ्यावी किंवा नुसत्या सुती दोऱ्याचा सरफास ठेवावा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नातवंडे. मणी नाकात घालतात, गिळतात, आजीचे लक्ष जाईपर्यंत घशात जातो. काम संपले की डबा वर ठेवायचा, खाली सांडलेले मणी मोजून उचलायचे. हल्ली गोल चुंबकाचे चमकदार मणी मिळतात. ते आणूच नका. लेकराने असे दोन मणी गिळले तर आतड्यात ते एकमेकांना ओढून धरतात आणि आतडे फाटते. असे झाले तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आता ग्रहांच्या खड्यांकडे वळू. माळा विकायला बसलो की कोणी ना कोणी विचारतोच, "यातला गोमेद राहूचा आहे का? पोवळे मंगळाचे आहे का?" आपली माणसेही विचारतात. आम्ही सांगतो, हा लाल आहे, हा पिवळा आहे, आवडला तर घ्या. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात तथागतांनी ज्या उपजीविका त्याज्य म्हणून सांगितल्या आहेत त्यांत मण्यांची लक्षणे पाहून शुभ-अशुभ सांगणे हेही आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही हा धंदा होता आणि तेव्हाच त्याला नाकारले गेले. ताईत, कवच, मंतरलेल्या वस्तूंनी मधुमेहासारखे आजार बरे होतात अशी जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादुई उपचारांच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर झाला. कायदे आहेत, पण मावशीच्या मुलाला कोणी जाहिरात दाखवली नव्हती, शेजाऱ्याने सांगितले होते. शेजाऱ्याला कायद्याने गप्प करता येत नाही. दगड हातात घेऊन, धुऊन, भोकातून दोरा काढून झाला की त्याची भीती आपोआप जाते, हे मात्र पाहिले. मावशीने अंगठीतला तो खडा काढून एका माळेच्या मध्यभागी बसवला आहे. चांगला दिसतो.

काही जाणत्या उपासकांनी वेगळीच शंका काढली. अष्टशीलात माळा-अलंकार वर्ज्य सांगितले आहेत, मग हे काय? अष्टशील उपोसथाच्या दिवसाचे. त्या दिवशी आम्हीही माळ उतरवतो. गृहस्थाच्या पंचशीलात अलंकाराला बंदी नाही. विशाखेची कथा आपल्याला ठाऊक आहे. तिच्याकडे महालता नावाचा अलंकार होता. तो तिने दानासाठी विकायला काढला, घेणारा मिळेना, तेव्हा स्वतःच त्याची किंमत भरून श्रावस्तीला पूर्वाराम विहार बांधला. अलंकार होता म्हणून विशाखेला कोणी कमी लेखले नाही.

त्याहून अवघड शंका एका आजीने काढली. ती म्हणाली, "बाबासाहेबांनीच तर सांगतले होते ना, दागिने टाका म्हनून?" हो, सांगितले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला सांगितली आणि जातीची ओळख पटवणारे ते जाडजूड, हलक्या धातूचे दागिने सोडायला सांगितले. पण ते कोणते दागिने होते? गावाने अस्पृश्य बाईवर लादलेले. कुठे सोने घालायची बंदी, कुठे विशिष्ट धातूच घालायची सक्ती. ते उतरवणे म्हणजे जोखड उतरवणे होते. आज आपल्या हाताने, आपल्या निवडीने, कोणाच्याही हुकुमाशिवाय ओवलेली माळ घालणे त्याच वाटेवरचे आहे, असे आम्हाला वाटते. आजीला हे पटले की नाही ते तिने सांगितले नाही. ती स्वतः माळ घालत नाही, पण ओवायला येते. तिचा रंगांचा हिशेब आमच्यात सगळ्यात पक्का आहे.

शिवाय मणी आपल्याला परके नाहीत. नागपूरजवळ माहुरझरी आहे. तिथे १९७० च्या सुमारास शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली उत्खनन झाले. लोहयुगातल्या शिलावर्तुळांपासून पुढच्या कित्येक शतकांचे अकीकाचे, स्फटिकाचे मणी तिथे निघाले, मणी बनवण्याचे ते मोठे केंद्रच होते. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये प्राचीन स्तूप उजेडात आले, ते पाहायला आपल्या सहली जातात. कान्हेरीच्या लेण्यांत सोपाऱ्याच्या एका मणिकाराने दिलेले दान शिलालेखात आहे. म्हणजे मणी करणारा कारागीर दाता म्हणून, नावानिशी, संघाच्या लेण्यात नोंदला गेला. आणि पिपरहवा तर ताजे आहे. १८९८ साली तिथल्या स्तूपात तथागतांच्या अस्थींसोबत स्फटिक, अकीक, तामडा, मोती अशी शेकडो रत्ने निघाली. त्यातला काही भाग उत्खनन करणाऱ्या इंग्रजाच्या कुटुंबाकडे राहिला होता. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव ठरला, जगभरच्या बौद्धांनी आणि भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परत आली. तेव्हा आम्ही मोबाइलवर ती छायाचित्रे मोठी करून पाहत होतो. कोणीतरी एवढ्याशा दगडाला फुलाचा आकार दिलेला, त्याला भोक पाडलेले. मावशी म्हणाली, "याचा दोरा कुठं गेला असन?"

बापूंबद्दल लिहायचे राहिले. तिघांपैकी एक रेल्वेतून निवृत्त, एक राइस मिलमध्ये पोती उचलून पाठ गमावलेला, एक अजून अर्धा दिवस चौकीदारी करतो. पहिले काही दिवस ते दाराशी बसून नुसत्या गप्पा मारायचे. बायांचे काम म्हणून लाजायचे. मग रेल्वेवाल्या बापूंनी पक्कड मागितली, कारण आम्ही कड्या वाकड्या बसवत होतो आणि ते त्यांच्याने बघवेना. आता हूक-कडीचे सगळे काम त्यांच्याकडे आहे. पानठेल्यावर त्यांना कोणी चिडवले तर ते म्हणतात, "चाळीस वर्षं रूळ जोडले, आता हे जोडतो." त्यांचा खर्रा दिवसाला चारवरून दोनवर आला आहे. शून्यावर येत नाही तोवर आम्ही त्यांना सोडणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

तुमच्या वस्तीत सुरू करायचे असेल तर फार तयारी नको. गोंदियाहून इतवारी रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर आहे. कोणी कामाने जाणारच असेल तर दोन लडी आणायला सांगा, नाहीतर घरातले तुटके मणी गोळा करून सुरुवात करा. विहाराची ओसरी दुपारी रिकामीच असते, कमिटीला विचारून घ्या. वर्षावासात ग्रंथवाचन सुरू होण्याआधी तासभर बसता येते, वाचन सुरू झाले की ताटल्या झाकून ठेवायच्या. येताना चष्मा आणि पाण्याची बाटली आणा, साखर असलेल्यांनी सोबत काहीतरी खायला ठेवा. आणि ज्या घरात कोणी आजी खाटेवरून उठत नाही तिला नुसता निरोप धाडू नका. दोघींनी जाऊन हाताला धरून आणा. पहिल्या दिवशी ती नाहीच म्हणेल.